परसबागेतले वर्ष

घराच्या मागच्या मोकळ्या जागेला परस म्हणतात. परसात लावलेली भाजीपाल्याची बाग म्हणजे परसबाग. ती लहानच असते. तीन-चार वाफे, एक-दोन वेल आणि एखादे कढीपत्त्याचे झाड. पण एवढ्याशा जागेत यंदा कोणती भाजी भरभरून येईल आणि कोणती हातची जाईल, हे अनुभवी माणसालाही आधी सांगता येत नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की भेंडी, गवार, दोडका आणि दुधी यांचे बी लावतात. मग कधी पावसाची झड लागते. वाफ्यात पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि कोवळी रोपे कुजून आडवी होतात. म्हणून वाफे थोडे उंच करतात. कधी याच्या अगदी उलट घडते. पाऊस दोन-तीन आठवडे दडी मारतो आणि भर पावसाळ्यात बादलीने पाणी घालावे लागते.

माझ्या नानीच्या परसात एकदा दुधीचा वेल छपरावर चढला. रोज पांढरी फुले येत आणि गळून पडत. वेलाच्या सावलीत मिरचीची रोपे खुरटली होती.

मामा म्हणाले, "अम्मी, हा वेल नुसता वाढतोय. काढून टाकू का?"

"थांब जरा," नानी म्हणाली, "आधी फुलांच्या मागे बघ."

मामांनी पाहिले. सगळ्या फुलांना नुसते बारीक देठ होते. ती नरफुले होती. दुधीच्या वेलावर आधी नरफुले येतात, मादीफुले नंतर. मादीफुलाच्या मागे बोटाएवढा इवलासा दुधी असतो. नरफुलातले पराग मादीफुलापर्यंत पोहोचले, तरच तो वाढतो. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. रात्री पतंग हे काम करतात. पावसाच्या रात्री ते फिरकत नाहीत. मग कोवळा दुधी पिवळा पडतो.

आठवड्याने चार मादीफुले आली. नानीने संध्याकाळी नरफुले तोडून त्यांच्यात हलकेच टेकवली. दोन दुधी धरले. त्यांतला एक फळमाशीने डंख मारल्यामुळे सडला. हाती आला एकच, पण वेल वाचला.

भेंडीचे दुखणे वेगळे. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की केवडा रोग आला असे समजावे. पांढरी माशी तो पसरवते. त्यावर औषध नाही. रोगट रोप उपटावेच लागते.

हिवाळा त्या मानाने दयाळू. मेथी महिन्याभरात काढणीला येते. टोमॅटोही लगडतात. गंमत अशी की नेमके तेव्हाच ते बाजारातही स्वस्त असतात! तरी झाडावर पिकलेल्या टोमॅटोची चव काही औरच.

पण हिवाळा सरतानाही भरवसा नसतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात गारपीट झाली. शेतातली उभी पिके झोपली. अशा गारांपुढे परसातल्या रोपांचा काय निभाव लागणार?

ऊन तापू लागले की कोथिंबिरीला लवकर फुले येतात आणि पाने कमी होतात. ती झाडे उपटू नयेत. त्यांवर धने धरतात. ते वाळवून ठेवले, की पुढच्या हिवाळ्यात पेरायला होतात.

स्वाध्याय
१. मामांना दुधीचा वेल का काढून टाकायचा होता?
२. नरफूल आणि मादीफूल कसे ओळखावे?
३. 'दडी मारणे' आणि 'निभाव लागणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.