हात पोहोचेल तिथेच सांधा

गाडी रुळावरून घसरली की माणूस आधी इंजिनाला नावं ठेवतो, मग डब्यांना, मग चाकांना. रुळाकडे नजर सर्वांत शेवटी जाते, कारण रूळ आपण स्वतः टाकलेला असतो. मी हा शोध उलट्या टोकाने सुरू करतो. घरातल्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर गाडी बहुतेक वेळा दोनच ठिकाणी पडते: दोन रूळ जुळतात त्या जोडावर, नाहीतर सांध्यावर. सांधा म्हणजे पॉइंट, जिथे एका मार्गाचे दोन होतात.

या छंदातले नवे लोक कधीकधी फोन करून विचारतात, गाडी नेमकी एकाच जागी पडते, काय करू? माझा पहिला प्रश्न असतो, ती जागा काठापासून किती आत आहे? "जरा आत आहे, स्टुलावर चढावं लागतं," असं उत्तर आलं की पुढचं मला विचारावं लागत नाही.

आमच्या ठाण्याच्या घरात लेआउट एका खोलीच्या तीन भिंतींना धरून आहे. पहिल्या आराखड्यात यार्डाचं तोंड, म्हणजे एका मार्गाला पाच फाटे फोडणारे सगळे सांधे, खोलीच्या कोपऱ्यात होतं. कागदावर ते झकास दिसायचं. कोपरा एरवी वायाच जातो. सांधे तिथे सरकवले की लांब भिंतीवर ऐसपैस लूप मिळतात. प्रत्यक्षात शेवटच्या सांध्याला बोटाचं टोक कसंबसं लागायचं. बोट लागणं वेगळं आणि हात चालणं वेगळं. सोल्डरिंग गन किंवा बारीक कानस धरायची तर कोपर टेकायला जागा हवी आणि डोळा रुळाच्या पातळीवर नेता यायला हवा. पावसाळ्यात त्या सांध्याची जीभ, म्हणजे सरकणारा टोकदार रूळ, बाजूच्या रुळाला नीट टेकेनाशी झाली. दुरुस्ती पाच मिनिटांची होती, पण तिथवर जायला पुढचे सगळे मार्ग उपटावे लागले. नंतर यार्ड भिंतीच्या मध्यावर आलं, लूप आखूड झाले, गाड्यांचे दोन डबे कमी झाले. त्या दोन डब्यांची आठवण मला आजतागायत आलेली नाही.

तेव्हा काठापासून ६० सेंटिमीटरच्या पुढे सांधा नको. पाट, म्हणजे लेआउटखालचा फळा, छातीइतका उंच असेल तर ५० धरा. बोगद्यात नको, दोन पाट जुळतात त्या रेघेवर नको, आणि पाटाखाली जिथे आडवी पट्टी येते तिथेही नको, कारण सांधा फिरवणारी मोटर बसवायची वेळ आली की ती पट्टी नेमकी आड येते. हे सगळं सांभाळायचा एकच मार्ग मला माहीत आहे: आधी सांधे ठरवा, साधा रूळ नंतर. अनेक कंपन्या सांध्यांचे मूळ मापाचे कागदी नमुने देतात. ते छापून कापा, पाटावर पसरा आणि काही आठवडे तसेच राहू द्या. येता-जाता सरकवा. कागद सरकवायला पैसे पडत नाहीत.

आता मापं. एचओ म्हणजे १:८७, आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो या प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरायला हवा. म्हणजे भारतीय गाड्यांची मॉडेलं आपण नेहमीच थोड्या अरुंद रुळावर पळवतो. ज्याला हे खुपतं त्याने स्वतःचे रूळ घडवावेत. मी काणाडोळा करतो. डब्याच्या लांबीकडे मात्र काणाडोळा चालत नाही. जुन्या आयसीएफ डब्याची पेटी २१.३ मीटर, म्हणजे मॉडेलात साडेचोवीस सेंटिमीटर. एलएचबीची साडेतेवीस मीटर, म्हणजे २७ सेंटिमीटर. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट असावी, असा या छंदातला जुना ठोकताळा आहे. एलएचबीसाठी ती ८१ सेंटिमीटर होते. तयार संचातली दुसऱ्या नंबरची वळणं ४३.८ सेंटिमीटरची असतात. त्यांवरून हा डबा ओढताना कदाचित जाईल, पण मागे ढकलायला गेलात की कपलिंग आडवं खेचतं आणि मधला डबा बाहेर पडतो.

खरेदी करताना सगळ्यात जास्त मोह होतो तो छोट्या सांध्याचा. रेल्वेचा १:१२ चा सांधा सुमारे ४० मीटर लांब असतो. एचओमध्ये त्याचे ४६ सेंटिमीटर होतील. एवढी जागा फ्लॅटमध्ये कोणाकडे आहे? म्हणून बाजारातले सांधे मुळातच आखूड आणि वाकडे असतात. पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेत लहान, मध्यम आणि मोठा सांधा अनुक्रमे १८५, २१९ आणि २५८ मिलिमीटर लांब आहे, तर त्रिज्या ६१०, ९१४ आणि १५२४. लहान आणि मोठ्या सांध्यात जागेचा फरक जेमतेम सव्वासात सेंटिमीटर, पण त्रिज्या अडीचपट. सव्वासात सेंटिमीटरसाठी मुख्य मार्गावर लहान सांधा घालणं मला पटत नाही. मालधक्क्याकडे, चारचाकी वाघिणी जिथे हळूहळू फिरतात तिथे खुशाल घाला. एका मार्गावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या जोडसांध्यात तर मोठेच हवेत, कारण डबा आधी एकीकडे वळतो आणि लगेच दुसरीकडे, आणि लांब डब्यांची बफरं तिथेच एकमेकांत अडकतात.

आमच्या मजल्यावर रेल्वेच्या रूळखात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. पहिल्यांदा लेआउट बघायला आले तेव्हा त्यांनी इंजिनांकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघे टेकले, एक डोळा मिटला आणि रुळाच्या रेषेत नजर लावली. लाइनीवर मुकादम असंच बघतो. वरून सरळ दिसणारा रूळ त्या नजरेला नागमोडी दिसतो. मग त्यांनी जोडांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "इथे अडकलं. इथे चाकही अडकणार." ही नखाची परीक्षा मी तेव्हापासून प्रत्येक जोडावर घेतो, रूळ पक्का करण्याआधी. नख अडकलं की फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, काढायची, रुळाचं टोक आतल्या आणि वरच्या अंगाने कानशीने किंचित मारायचं, पुन्हा जोडायचं.

सांध्याच्या जिभेबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच माहितीपत्रकात मिळालं नव्हतं. खऱ्या सांध्यात जीभ आणि बाजूचा रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटरची पट्टी धरून सांधा फिरवून बघतात. पट्टी मध्ये असताना तो लॉक होता कामा नये. ५ भागिले ८७ करून बघा. उत्तर साध्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी येतं. म्हणून आमची परीक्षा कागदाची: वर्तमानपत्राची चिंचोळी पट्टी जिभेच्या टोकाशी धरा, सांधा मिटवा आणि पट्टी ओढा. ती घट्ट धरली गेली पाहिजे, दोन्ही बाजूंना. सैल सुटली तर चाकाची कड एक दिवस त्या फटीत शिरणारच. बहुतेकदा तिथे खडीचा कण, रंगाचा थर किंवा सुकलेला फेव्हिकॉल असतो. तसं काही नसेल तर सांध्याखालचा पाट सपाट नाही. पाणसळ लावा. सांधा जरासा पिळला गेला तरी जीभ उचलली जाते, आणि त्याला कितीही दामटून खिळे मारले तरी उपयोग नाही. उलट खिळा खोल गेला की स्लीपर वाकतो आणि रुळांमधलं अंतर आवळतं.

सांधा बिनदोष असूनही एकच डबा पडत असेल तर त्याची चाकं मोजा. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास हवं. साधा कॅलिपर पुरतो. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या जुन्या डब्यांत हे अंतर हमखास कमी असतं आणि चाक नेमकं फ्रॉगवर, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, उडी मारतं.

उन्हाळ्याचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण परदेशी पुस्तकं थंड हवेच्या घरांसाठी लिहिलेली असतात. आपले रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाचे. हा धातू पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतो. ९१४ मिलिमीटरचा लवचीक रूळ २० अंशांच्या फरकाने सुमारे ०.३ मिलिमीटर वाढतो, पाच मीटरच्या भिंतीवर पावणेदोन मिलिमीटर. खऱ्या लाइनीवर मैलोन्‌मैल वेल्ड केलेला रूळ जागचा हलत नाही, कारण त्याला वजनदार स्लीपर आणि खडी धरून ठेवतात. आपल्या रुळाला धरायला प्लास्टिकचे इवलेसे दात असतात. सगळे जोड सोल्डर करून टाकले की मे महिन्यात दुपारी वळण बाहेरच्या अंगाने फुगतं आणि दात तुटतात. डिसेंबरात रूळ टाकत असाल तर जोडात व्हिजिटिंग कार्डाइतकी फट ठेवा; मे महिन्यात टाकत असाल तर टोकाला टोक भिडवलं तरी चालेल. फक्त वळणावर, रूळ वाकवण्याआधी, दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करून घ्या, नाहीतर जोडाशी कोपरा पडतो.

जोड सोल्डर करायचे नाहीत, मग वीज कशी जाणार? फिशप्लेटवर विसंबू नका. पहिल्या वर्षी ती छान चालते, मग आपल्या दमट हवेत तिच्यात काळपट थर धरतो आणि इंजिन दूरच्या टोकाला दमल्यासारखं चालतं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची बारीक वायर द्या आणि त्या सगळ्या पाटाखालच्या दीड स्क्वेअरच्या जाड वायरला जोडा. काम कंटाळवाणं आहे. पाटाखाली उताणं पडून करायचं असल्याने सोल्डरचा थेंब अंगावर पडतो. चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

फ्रॉग प्लास्टिकचा की धातूचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. लांब डिझेल इंजिनाला बारा चाकांतून वीज मिळते, त्याला प्लास्टिकचा तुकडा जाणवतही नाही. छोटं शंटर मात्र तिथेच थबकतं. माझं मत धातूच्या बाजूने आहे, पण मग फ्रॉगच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकच्या फिशप्लेट घालायलाच हव्यात. सांधा फिरला की फ्रॉगची वीजबाजू बदलते. समोरून दुसरी बाजू आली की शॉर्ट.

पाट सुताराकडून करून घेणार असाल तर १२ मिलिमीटरचं बीडब्ल्यूपी प्लाय मागा, त्यावर आयएस ७१० असं छापलेलं असतं. एमडीएफ नको, कोकणपट्टीच्या पावसात त्याच्या कडा फुगतात. दोन्ही बाजूंना आणि कडांनाही प्रायमर मारायला सांगा. सुतार खालची बाजू सोडून देतो, कारण त्याच्या लेखी ती दिसत नाही. एकाच बाजूने दमट हवा प्यायलेलं प्लाय बाक धरतं.

मोटरसाठीचं भोक सांधा चिकटवण्याआधी पाडा आणि चांगलं ऐसपैस पाडा. कॉइलच्या मोटरला झटका पुरतो. बटण दाबून धरलं की कॉइल जळते, आणि घरात पाहुण्यांची मुलं बटण दाबूनच धरतात. कपॅसिटरवर चालणारं युनिट मध्ये घातलं की ही कटकट जाते. शक्य असेल तर कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे, तिथे एकदा जा आणि गाड्या सोडून नुसते सांधे कसे फिरतात ते बघत बसा.

खडी शेवटी, आणि घाई न करता. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा उघड्या रुळावर गाड्या पळवा, पुढे आणि मागेही. मगच फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून ड्रॉपरने सोडा. हे पाणी केशाकर्षणाने कुठेही शिरतं, म्हणून सांध्याच्या जिभांखाली आणि त्या हलवणाऱ्या दांडीजवळ ते सोडायचंच नाही. तिथे खडीचे दाणे विरळ टाका, दांडीला आधीच तेलाचं बोट लावा आणि ओलं असतानाच दर थोड्या वेळाने सांधा इकडून तिकडे फिरवत राहा. सांध्याखाली गोंद अजिबात नको. चार बारीक खिळे पुरतात, म्हणजे पुढे कधी काढायचा झाला तर फिशप्लेट मागे सरकवून तो सरळ वर उचलता येतो. वापरात असलेल्या प्रत्येक प्रकारचा एक जादा सांधा पहिल्याच खरेदीत घेऊन ठेवा. हा माल बहुधा बाहेरून येतो, आणि दोन वर्षांनी तोच नंबर दुकानात मिळेल याची खात्री कुठलाच दुकानदार देत नाही.