बोर्ड भरलेला, काम अडलेलं

प्रश्न : आमची 7 जणांची टीम जिरा वापरते. सगळ्यांची तिकिटं मीच लोकलमध्ये अपडेट करतो, तरी स्प्रिंट संपताना निम्मी कामं अर्धवटच. सॉफ्टवेअर बदलावं का?
– एक वाचक, नायगाव (पूर्व)

उत्तर : बदलू नका. 2002 मध्ये आलेलं जिरा मुळात बग नोंदवण्यासाठी होतं. ते काम दाखवतं, उरकत नाही. ‘इन प्रोग्रेस’चा रकाना बघा. 7 जणांच्या नावावर 15 तिकिटं असतील, तर दुखणं तिथेच आहे. तिथे 5 ची मर्यादा घाला. हातातलं टेस्टिंगमधून सुटल्याशिवाय नवं उचलायचं नाही. ‘लॉगिन दुरुस्ती’ असं मोघम तिकीट नको. ‘चुकीचा ओटीपी टाकल्यावर सूचना दिसावी’ असं तपासता येईल असं लिहा. आणि ज्याचं काम, त्यानेच तिकीट हलवावं. स्टोरी पॉइंटवरून, म्हणजे तिकिटाच्या अंदाजी आकाराच्या आकड्यावरून मात्र माणसं कधीच तोलू नका. आकडे लगेच फुगतात.