वाजेमपला जाताना: काय करावे, काय टाळावे

पर्थला मुलाबाळांकडे गेलेली आपली मंडळी फ्रीमँटलहून बोटीने रॉटनेस्ट बेटावर हमखास जातात. नूंगर आदिवासींसाठी ते वाजेमप, पितरांचं बेट. १८३८ ते १९०४ या काळात इंग्रज सत्तेने पश्चिम ऑस्ट्रेलियाभरातून सुमारे ४,००० आदिवासी पुरुष आणि कोवळी मुलं इथे कैदेत ठेवली. त्यांतले किमान ३७३ जण इथेच दगावले. त्यांना पुरलं, पण वर साधा दगडही ठेवला नाही.

काय करावे

• क्वोका या तिथल्या छोट्या प्राण्यासोबत फोटो काढायला धावण्याआधी दफनभूमी कुठे आहे ते पाहून घ्या. ती थॉमसन बेच्या वस्तीला लागूनच आहे.

• शक्यतो नूंगर मार्गदर्शकासोबत फिरा. मूठभर वाळू पाण्यात सोडून पूर्वजांना आपली ओळख सांगायची त्यांची चाल आहे. त्यांनी बोलावलं तर मनापासून सामील व्हा.

• क्वॉड हा जुना तुरुंग समजून घ्या. या इमारतीत २०१८ पर्यंत पर्यटक मुक्कामाला राहत. दफनभूमीवरही कित्येक वर्षं सहलीचे तंबू ठोकले जात होते. हे अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. १९७० मध्ये खोदकामात हाडं सापडली, त्यानंतरही तंबू होतेच.

• बरोबरच्या मुलांना सांगा, की दीपगृह आणि समुद्राकाठच्या भिंती या कैद्यांनी बांधल्या.

काय टाळावे

• आखलेली हद्द ओलांडू नका. आपण स्मशानात सावली बघून डबा उघडत नाही, तसंच इथेही.

• वाळूत हाड दिसलं तर हात लावू नका. जागा तशीच ठेवून रेंजरला किंवा पोलिसांना कळवा.

• श्रद्धेपोटीसुद्धा न विचारता फुलं, उदबत्ती, नारळ वाहू नका. तिथले विधी काय असावेत हे नूंगर वडीलधाऱ्यांनी ठरवायचं.

• विधी चालू असेल तर परवानगीशिवाय फोटो नको.

• ‘फार जुनी गोष्ट आहे’ असं म्हणू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभरातून आदिवासी वडीलधारे इथे आले आणि आपल्या मृतांसाठी त्यांनी विधी केले. ज्यांचे आजे-पणजे त्या वाळूत आहेत, ती माणसं आज हयात आहेत. त्यांचं म्हणणं आधी ऐका.