पाईप वाकवायची घोडी

सायकलचा हँडल पाहा. लोखंडी पाईपच तो. पण किती सुरेख वाकलेला असतो! कोठे चेपलेला नाही, कोठे सुरकुती नाही. १९२५ साली जर्मनीतील डेसाऊ या गावी मार्सेल ब्रॉयर नावाचा एक तरुण शिक्षक होता. सायकलच्या हँडलवरून त्याला सुचले, की असाच पाईप वाकवून खुर्ची का करू नये? त्याने ती केली. आपल्या शाळा-कचेऱ्यांतून दिसणाऱ्या वाकवलेल्या पाईपच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या.

पण पाईप नुसता गुडघ्यावर धरून वाकवून बघा. तो वाकणार नाही, मोडल्यासारखा चपटा होईल. पपईच्या पानाचा देठ आत पोकळ असतो. मुले तो वाकवतात तेव्हा काय होते? मधेच दुमडतो आणि चेपतो. पाईपचेही तेच. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली बाजू दाबली जाते, आणि मधे पोकळी असल्याने भिंती आत बसतात. म्हणून पाईप वाकवायला बेंडर लागतो. बेंडरमध्ये खाच असलेले एक चाक असते. त्याला डाय म्हणतात. पाईप त्या खाचेत घट्ट बसतो. खाच त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते, म्हणून त्याला फुगायला आणि चेपायला जागाच राहत नाही.

डाय घेताना एक गोष्ट पक्की करावी. पाण्याचा जो पाईप आपण ‘एक इंची’ म्हणतो, तो बाहेरून मोजला तर ३३.७ मिलिमीटर भरतो. ‘पाऊण इंची’ पाईप बाहेरून २६.९ भरतो. खुर्च्या-टेबलांच्या पाईपचे माप मात्र बाहेरूनच सांगतात. तेथे २५ म्हणजे २५. तेव्हा दुकानदाराने सांगितलेल्या नावावर जाऊ नये. माप स्वतः घ्यावे. ढिल्या खाचेत पाईप चेपल्याशिवाय राहत नाही.

हाताने चालवायच्या बेंडरला वीज लागत नाही, ही मोठी सोय आहे. त्याचा लांब दांडा थोडा ओढायचा. डाय थोडा फिरतो आणि खटका पडतो, म्हणजे डाय मागे येत नाही. मग दांडा परत न्यायचा, पुन्हा ओढायचा. असे पाच-सहा वेळा केले की काटकोन होतो. अडचण एकच. हा बेंडर मिस्त्रीच्या दुकानात सिमेंटच्या कोब्यात बोल्टांनी आवळलेला असतो. त्यापायी काय होते, ऐका.

“मिस्त्री, गोठ्याचं फाटक करून द्या. आणि विहिरीच्या पायऱ्यांना हाताशी धरायला एक कठडाही हवा.”

“करू की, आबा. पण वाकवलेलं फाटक रानात आणायचं कशात? टेम्पो सांगावा लागेल. आणि कठड्याला दोन बोटं कमी-जास्त झाली, तर परत दुकानात न्यायचा.”

“मग यंत्रच आणा माझ्या अंगणात!”

“आणलं असतं हो. पण ते आवळायचं कशाला?”

मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे. सरळ पाईप वीस फुटी असला तरी बैलगाडीवर बांधून नेता येतो. वाकवला की तो निम्मी हवाच वाहून नेतो. म्हणून बेंडर कामाच्या जागी न्यावा हे खरे. पण त्याला पक्की बैठक हवी. सुतार फळी रंधायला घोडी वापरतात, तशी ही बेंडरची घोडी. ती कशी करायची, ते या पाठात पाहू.

आधी जोराचा हिशोब करू. दांडा चार फूट लांब आहे आणि माणूस त्याच्या टोकाला ४० किलोंचा जोर लावतो, असे धरा. चार फुटांवरचे ४० किलो म्हणजे एका फुटावरचे १६० किलो. पहारीने धोंडा हलतो तो याच हिशोबाने. एवढा पीळ पाईपला बसतो, म्हणून तो वाकतो. पण तोच पीळ बैठकीलाही बसतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कोणी बेंडर ओंडक्याला आवळतात, कोणी डांबराच्या पिंपाला. पाईप वाकायच्या ऐवजी ओंडकाच गरकन फिरतो, सरकतो किंवा उलटतो. दांडा एकदम ढिला पडतो, ओढणारा पाठीवर पडतो आणि वर बेंडर कोसळतो. यात दात जातात, बोटे जातात. कोणी म्हणतात, ओंडका आणखी जड घ्या. आम्हांला हा उपाय पटत नाही. उचलता येणार नाही इतका जड ओंडका घेतला, तर ती फिरती घोडी कसली?

खरा उपाय वजनात नाही, उभे राहण्याच्या जागेत आहे. बैलगाडीत बसा आणि गाडीचेच साटे धरून गाडी पुढे ओढून बघा. कितीही ओढा, गाडी तसूभर हलणार नाही. कारण हात जेवढे पुढे ओढतात, तेवढेच पाय त्याच गाडीला मागे रेटतात. खाली उतरून जमिनीवर पाय रोवा आणि ओढा, गाडी लगेच हलेल. बेंडरचेही असेच. ओढणारा जमिनीवर उभा असेल तर घोडी त्याच्याकडे ओढली जाते. तोच घोडीच्या पायफळीवर उभा राहिला, तर हातांची ओढ आणि पायांची रेट एकमेकींना फेडून टाकतात. घोडी फिरत नाही, सरकत नाही. उलट ओढणाऱ्याचे वजन तिला दाबून धरते.

आता आकार. बैलगाडीची दांडी आणि टोकाला जू, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. जमिनीवर पडलेली दांडी पाच फुटांची. एका टोकाला बेंडरचा खांब. दुसऱ्या टोकाला चार फुटांचे आडवे जू, आणि त्या जुवावर पायफळी. खांबाखालीही अडीच फुटांचा एक आडवा तुकडा हवा, नाही तर घोडी कुशीवर पडेल. दांड्याचे टोक चार फुटांवर, म्हणजे बरोबर पायफळीच्या वर येते.

दांडीला ७५ मिलिमीटरचे चॅनेल घ्यावे. ते उभे ठेवू नये, पन्हाळीसारखे पालथे ठेवावे. आपली ओढ आडवी असते. पालथे चॅनेल आडव्या ओढीला ताठ राहते, उभे ठेवले तर लवकर लवते. शिवाय पालथ्याच्या दोन्ही कडा मातीत रुततात, तो फायदा वेगळाच. आडव्या तुकड्यांना ५० मिलिमीटरचा, ६ मिलिमीटर जाड अँगल चालतो. मीटरला साडेचार किलो भरतो.

खांबाला तीन इंची पाईप. पाईपवर रंगाचा पट्टा असतो तो पाहावा: पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, तांबडा जड. आपल्याला निळा पुरे. पाईप काळा घ्यावा, जस्ताचा मुलामा असलेला नको. जस्तावर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वर दूध प्याले की झाले, असे काही वेल्डर मानतात. दुधाने तो धूर धुऊन निघत नाही.

खांबाची उंची अशी ठेवावी, की दांडा ओढणाऱ्याच्या बेंबीच्या जरा वर येईल. दांडा फार खाली असला तर कंबर भरते, फार वर असला तर अंगाचे वजन कामी येत नाही. माणूस फळीवर उभा राहणार आहे, तेव्हा फळीची जाडीही मापात धरावी. खांबाच्या वर १० मिलिमीटर जाडीची प्लेट. तिला बेंडरच्या भोकांच्या मापाने भोके. खाली तसलीच एक फूटभर चौरस प्लेट, आणि तिच्या जोडीची दुसरी प्लेट दांडीवर. दोन्ही प्लेटा एकावर एक ठेवून चार भोके एकदमच पाडावी, म्हणजे ती जुळतात. १६ मिलिमीटरचे चार बोल्ट लावले की घोडी उभी. काढले की दोन तुकडे. सगळे लोखंड मिळून वजन सिमेंटच्या एका पोत्याच्या आसपास येते. ते दोन जणांना उचलायला जड नाही.

वेल्डिंगची घाई करू नये. आधी चार ठिकाणी नुसते टाके मारावे. खांबाला ओळंबा लावावा, गुण्या लावावा, वाकडा असेल तर ठोकून सरळ करावा. मग थोडे या बाजूला, थोडे समोरच्या बाजूला असे वेल्डिंग करावे. एकाच बाजूने सपाटा लावला तर गरम लोखंड थंड होताना खांबाला आपल्याकडे ओढते. खांबाच्या बुडाशी चारही बाजूंना तिकोनी टेकू लावावे. सगळा पीळ या बुडाशी येतो. पुढेमागे तडा गेला तर तेथेच जाईल. तेथे केसासारखी तांबूस रेघ दिसली की काम थांबवून घोडी वेल्डरकडे न्यावी.

पायफळी बाभळीची, दीड इंच जाड. ती बोल्टांनी पक्की आवळावी, नुसती ठेवू नये. ओढताना पाय पुढे सरकू पाहतात, म्हणून फळीवर पुढच्या अंगाला पाय रोवायला एक अँगल आडवा ठोकावा. पाठीमागे वीतभर तरी फळी मोकळी राहिली पाहिजे. माणसाचे वजन फळीच्या काठापलीकडे गेले, तर मागे भार झालेल्या गाडीसारखी घोडी उलाळ होईल. जुवाच्या दोन्ही टोकांना भोके ठेवून त्यांतून लोखंडी मेखा ठोकल्या तर चांगलेच. पण सगळा भरवसा मेखांवर ठेवू नये. पावसानंतर काळ्या रानातून मेख लोण्यातून काडी निघावी तशी निघते.

आता काम. जागा सपाट पाहावी. घोडी डुगडुगत असेल तर खाली दगडाच्या चिपा घालू नयेत, त्या निसटतात; माती उकरून बैठक करावी. एका माणसाचा जोर पुरेना, म्हणून दुसरा धावून येतो आणि जमिनीवर उभा राहून दांडा ओढतो. हे नेमके टाळायचे. तो जमिनीवर उभा राहिला की वरचा सगळा हिशोब मोडला. यायचे तर त्यानेही फळीवर यावे. दांड्यात दुसरा पाईप खुपसून तो लांब करणारेही असतात. सहा फुटांवर तेच ४० किलो २४० होतात. खटका आणि खिळी तेवढ्यासाठी केलेली नसतात. पाईप जड वाटत असेल, तर तो या बेंडरचा नव्हे, असे समजावे.

पाईपचे आखूड टोक पुढे ठेवावे. वाकताना ते फिरते. त्याच्या फेऱ्यात पोर, कोंबडी, वासरू, कोणी नको. लांब शेपूट मागे राहते. त्याला खांबाच्याच उंचीचा टेकू द्यावा. टेकू नसेल तर शेपूट लोंबते, दुसरा बाक पहिल्याच्या पातळीत येत नाही, आणि फाटक भुईवर ठेवले की एक पाय आखूड असलेल्या बाजेसारखे डुलते.

लोखंड वाकवून सोडले की थोडे परत फिरते. काटकोन हवा असेल तर दांडा काटकोनाच्या किंचित पुढे न्यावा लागतो. किती पुढे, ते पाईपच्या जाडीवर असते. त्याच पाईपचा एक टाकाऊ तुकडा आधी वाकवावा, गुण्या लावून पाहावा, आणि किती पुढे न्यायचे ती खूण डायवर खडूने करावी. मग विहिरीच्या कठड्याचा पाईप चढवावा. त्या पायऱ्यांशी उभे राहूनच माप घेता येते, कोठे हात टेकेल, कोठे वळेल, हे घरातल्या म्हातारीलाच विचारता येते.

काम झाल्यावर चारही बोल्ट नटांसकट परत प्लेटेच्या भोकांतच अडकवून ठेवावे. पिशवीत टाकलेले बोल्ट पुढच्या गावी सापडत नाहीत.