ओंकारेश्वरची गुहा आणि कमंडलू

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



आपल्या इंदूरहून ओंकारेश्वर साधारण 80 किलोमीटर. पाहुणे आले की आपण त्यांना हमखास नेतो. दर्शन, नावेतून फेरी, झूला पूल, आणि 2023 पासून डोंगरावरची 108 फुटी एकात्मतेची मूर्ती. त्या मूर्तीतले बाल शंकर जिथे शिकले असं मानतात ती गुहा मंदिराच्या खालीच आहे, आणि तिथून लोक फोटो काढून दोन मिनिटांत बाहेर पडतात. म्हणून हा पाठ गुहेवर.

परंपरा सांगते, केरळातल्या कालडीहून आठ वर्षांचा मुलगा गुरू शोधत नर्मदेपर्यंत चालत आला. गुहेत गौडपादाचार्यांचे शिष्य गोविंद भगवत्पाद होते. त्यांनी विचारलं, तू कोण? मुलाने नाव-गाव-कुळ काहीच सांगितलं नाही. पंचमहाभूतांतलं मी काही नाही, ते सगळं वगळून उरतो तो शिव मी, अशा अर्थाचं उत्तर दिलं. दशश्लोकी ती हीच, असं मानतात.

पुढे पावसाळ्यात नर्मदेला पूर आला. गुरू समाधीत, पाणी गुहेकडे चढत चाललेलं. शंकरांनी गुरूंना हाक मारली नाही. आपला कमंडलू दाराशी ठेवला आणि पूर त्यात सामावला. आमच्या अभ्यासवर्गात लगेच प्रश्न आला, असं होईल तरी का? चर्चा बरीच रंगली. आम्हांला वाटतं, त्या वादात अडकू नये. मुलाजवळ होतं ते एक भांडं, तेच त्याने पुढे केलं, आणि गुरूंची समाधी मोडू दिली नाही. घरात कुणी ध्यानाला बसलं की कुकरची शिट्टी होऊ न देणाऱ्या आपल्या भगिनींना हे वेगळं समजवायला नको.

खरी गोष्ट पुढेच आहे. माधवीय शंकरदिग्विजयात येतं की गुरू प्रसन्न झाले आणि त्यांनी शिष्याला काशीला जायला सांगितलं, ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहायला. एवढी सेवा केली, तर जवळ ठेवून घेतलं असेल असं आपल्याला वाटतं. त्यांनी तर दूर पाठवलं! आपल्याकडे व्यासपीठाजवळची सेवा कुणाला मिळाली यावरून अबोले होतात, सतरंजीवर रुमाल टाकून पहिल्या रांगेत जागा धरली जाते. घरी सासूबाईंचं पथ्यपाणी करायला थांबलेली साधिका मात्र ‘माझी सेवा राहिली’ म्हणून हळहळते. काशीला जाताना शंकरांची सेवा राहिली का? या आठवड्यात यावर प्रत्येकाने चार ओळी लिहून आणाव्यात.

सहलीला जाणाऱ्यांसाठी : गुहेत निदान दहा मिनिटं बसायचं, फोन पिशवीत. गर्दी असेल तर एका कडेला, वाट अडवू नये. आता नदीवर वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण आहे, पाऊस नसतानाही पाणी चढतं. भोंगा वाजला की घाटाच्या पायऱ्यांवरून लगेच वर यायचं.

जय गुरुदेव.