एमआरआय झाला, मग पुन्हा आतून तपासणी कशाला?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला की हा प्रश्न हमखास येतो. विचारते ती सोबत आलेली लेक किंवा सून. बाई स्वतः गप्प असते. ‘एवढं महागडं मशीन असताना बोटांनी काय कळणार?’

पुष्कळ कळतं. गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना जो मऊ भाग असतो, तो गुदद्वारातून बोट घालून सर्वांत नीट हाताला लागतो. तिथे ताठरपणा जाणवला, तर आजार बाहेर पसरल्याची शंका येते. तो पसरला पण ओटीपोटाच्या भिंतीला भिडला नसेल तर स्टेज 2बी, भिडला असेल तर 3बी. फरक अक्षराचा वाटेल; पण 2बीपासून पुढे सहसा ऑपरेशन नाही, रेडिएशन आणि सोबत केमो. शिवाय योनीवर पसरलेला पातळ थर डोळ्यांना दिसतो, स्कॅनमध्ये निसटू शकतो.

‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत 2018पर्यंत स्टेज मुख्यतः अशा तपासणीवरच ठरायची. हा आजार जिथे जास्त, तिथे मशीन कमी, हे त्यामागचं कारण. पण बोटांना लसिकाग्रंथी कळत नाहीत, ही त्यातली मोठी उणीव. आता स्कॅनमध्ये ओटीपोटातल्या ग्रंथींत आजार दिसला, तर गाठ लहान असली तरी स्टेज 3सी1. महारोहिणीलगतच्या ग्रंथींत दिसला तर 3सी2. गाठीचा आकार आणि बाजूचा पसारा पाहायला एमआरआय उत्तम, ग्रंथींसाठी पेट-सीटी. मूत्रनलिका दबून किडनीला सूज आलीय का, हे साध्या सोनोग्राफीतही दिसतं; आणि दिसली, तिचं कारण हा आजारच असेल, तर स्टेज किमान 3बी.

पेट-सीटीत ग्रंथी चमकली म्हणून लगेच हाय खाऊ नका. आपल्याकडे टीबी घरोघरी. टीबीची ग्रंथीही तशीच चमकते. शंका असेल तर सुईने तुकडा घेऊन तपासता येतो. पूर्वी टीबी झाला असेल तर आवर्जून सांगा.

तपासणीची लाज वाटणं, भीती वाटणं साहजिक आहे. खोलीत नर्स हवी असं सांगा, ते तुमच्या हक्काचं आहे. फार दुखत असेल तर भूल देऊनही तपासणी करता येते. नंतर थोडा रक्ताचा डाग दिसला तर घाबरू नका. पण तासाला पॅड भिजत असेल तर सकाळची वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा.