सिंहवन : संघाच्या आरामाचा उलटा प्रवास

पालि भाषेत ‘आराम’ म्हणजे उद्यान. संघाराम म्हणजे संघाचे उद्यान. जेतवन हे मुळात जेत राजकुमाराचे खाजगी उद्यान होते. अनाथपिंडिक श्रेष्ठीने त्या भूमीवर सुवर्णनाणी अंथरून ते विकत घेतले आणि भगवान बुद्धांच्या भिक्षुसंघास दान दिले, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. खाजगी उद्यान संघाचे कसे झाले, हे त्या कथेत आहे. याच्या उलट प्रवास केलेले एक उद्यान चीनमध्ये आहे. ते प्रथम संघाचे होते, मग खाजगी झाले आणि शेवटी सर्वांचे झाले. सूचौ शहरातील हे उद्यान पाहण्याचा योग आम्हांस आला. त्यातून जे शिकावयास मिळाले ते या लेखात मांडीत आहोत.

स्थापना

चीनमधील जुनी उद्याने मुख्यत्वे दोन प्रकारची आहेत. एक सम्राटांची, विस्तीर्ण. दुसरी विद्वान, अधिकारी व व्यापारी यांची खाजगी, घराला लागून असलेली. सूचौ हे दुसऱ्या प्रकाराचे माहेरघर होय. तेथील ‘शिझिलिन’ म्हणजे सिंहवन हे मात्र धनिकाने बांधलेले नव्हे. ध्यान संप्रदायाचे आचार्य तिआनरू वेइझे यांच्यासाठी त्यांच्या शिष्यांनी 1342 साली ते उभारले. तिआनरू यांचे गुरू झोंगफेंग मिंगबेन (1263 ते 1323) हे तिआनमू पर्वतावर सिंहशिला नावाच्या ठिकाणी राहत असत. त्यांची स्मृती म्हणून हे नाव दिले गेले. तथागतांच्या उपदेशाला सिंहनाद म्हणतात, हाही अर्थ त्यात आहे. शिवाय तेथील अनेक पाषाणांचे आकार सिंहासारखे भासतात.

मालकी बदलत गेली

उद्यानाची कीर्ती पसरली. नी झान या थोर चित्रकाराने 1373 साली त्याचे चित्र काढले. पुढे अठराव्या शतकात हुआंग घराण्याने उद्यान विकत घेतले आणि ते खाजगी झाले. सम्राट चिएनलुंग याला हे उद्यान इतके आवडले की त्याने उत्तरेकडे आपल्या राजोद्यानांत त्याच्या दोन प्रतिकृती करविल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रंगांचे व्यापारी बेई रुनशेंग यांनी ते घेतले व त्याची मोठी डागडुजी केली. याच घराण्यातील एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत येथे खेळत असे. तोच पुढे जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी आय. एम. पेई (1917 ते 2019) झाला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचा काचेचा पिरॅमिड त्याचाच. 1950 च्या दशकात उद्यान शासनाकडे आले व लोकांसाठी खुले झाले. 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला.

उद्यान कसे पाहावे

उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर. आज आपण आत शिरतो ती वास्तू पूर्वी बेई घराण्याच्या पूर्वजांच्या स्मरणाची होती. आत गेल्यावर ताई सरोवरातील चुनखडीच्या पाषाणांचा कृत्रिम डोंगर दिसतो. पाण्याने झिजून या पाषाणांना भोके व सुरकुत्या पडलेल्या असतात. असा पाषाण जितका सडपातळ, आरपार व सुरकुतलेला, तितकी त्याची किंमत अधिक. या डोंगरात नऊ वाटा व एकवीस गुहा आहेत, असे सांगतात.

आम्ही घाईघाईने आत शिरलो आणि चुकलो. सोबत्याचा आवाज हातभर अंतरावरून येई. परंतु भेट होईना. वर जाणारी वाट खाली नेई. अर्ध्या तासाने निघालो तो जिथून आत गेलो होतो त्याच जागी! तेव्हा ध्यानात आले की येथे पोहोचण्याची घाई करावयाचीच नसते. भिंतीतील जाळीच्या खिडकीशी थांबावे, एक झाड पाहावे, मग पुढे जावे.

दालनांची नावेही वाचावीत. मालक बदलले तरी धम्माची खूण नावांत राहिली. एका दालनाचे नाव ‘हिमात उभे राहण्याचे दालन’ असे आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्मांकडे शिष्यत्व मागताना हुइको बर्फात उभा राहिला, त्या प्रसंगाचे हे स्मरण. दुसरे दालन ‘अंगणातील सुरूच्या झाडा’विषयीच्या ध्यान संप्रदायातील प्रसिद्ध संवादावरून ओळखले जाते.

जवळच असलेल्या दुसऱ्या एका जुन्या खाजगी उद्यानात आम्ही तळ्याकाठी उभे राहिलो. दूरवर, भिंतीपलीकडे, बेईसी विहाराचा नऊ मजली पॅगोडा दिसत होता. बाहेरचे दृश्य असे आत घेण्याच्या कलेला तेथे ‘उसने दृश्य’ म्हणतात. मालकाने जमीन विकत घेतली, पाषाण विकत घेतले, परंतु उद्यानातील सर्वांत सुंदर गोष्ट त्याच्या मालकीची नव्हती. ती विहाराची होती आणि पाहील त्याची होती.

बोध

आमच्या सोबत एक वृद्ध उपासिका होत्या. गुडघे दुखत असल्याने त्या डोंगरात आल्याच नाहीत; तळ्याकाठच्या मंडपात बसून राहिल्या. परत आल्यावर आम्ही त्यांना उद्यानाचा इतिहास सांगितला. पूर्वी मालकाचे स्नेही व कवी यांनाच आत येता येई, काही मालक वसंत ऋतूत दार उघडीत, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, “दार बंद असणं म्हणजे काय, ते आमच्या आईबापाला विचारायला हवं होतं. पाणी समोर दिसायचं, पण हात लावायचा नाही.” त्यावर कोणी काही बोलले नाही. 20 मार्च 1927 चे महाडचे चवदार तळे सर्वांच्याच डोळ्यांसमोर उभे राहिले.

सिंहवनाचे मालक गेले, सम्राटही गेले. अनित्यतेचा नियम कोणास चुकला नाही. शिष्यांनी गुरूसाठी श्रद्धेने केलेले काम मात्र पावणेसातशे वर्षांहून अधिक काळ टिकले. दानाची वस्तू कोणी विकत घेतली तरी तिच्यातील दानभाव विकला जात नाही. पुन्हा दार उघडले की तो जसाच्या तसा भेटतो.

म्हणून आपल्या वस्तीतील विहाराभोवती चार हात मोकळी जागा असेल तर तेथे गाळे बांधण्याचा विचार करण्याआधी एक निंब किंवा पिंपळ लावावा, खाली बसावयास एक कट्टा करावा आणि फाटकाला कुलूप घालू नये. संघारामाचा अर्थ तेवढ्यानेही पुरा होतो.